नानीचं ओळखपत्र

गेल्या महिन्यात नंदुरबारहून भाचीचा फोन आला. तिचं बाळ साडेचार महिन्यांचं आहे. ते मागे किरकिरत होतं आणि ती त्याला थोपटत माझ्याशी बोलत होती. "खाला, घरबसल्या करता येईल असं काही काम असेल तर सांगा ना. बाळ झोपतं तेवढ्या वेळात करीन."

पोरगी बीएस्सी झालेली आहे. मराठी आणि इंग्रजी टायपिंग येतं, हिशेब चांगला आहे. लग्नाआधी ती एका खाजगी शाळेत शिकवायची. सातव्या महिन्यात ते सोडलं. रजा वगैरे प्रकार तिथे नव्हता, जागा दुसरीला दिली गेली. आता जावई एकटा कमावतो.

मग हळूच तिने दुसरी गोष्ट सांगितली. मोबाइलवर एक जाहिरात आली होती, 'नवमातांसाठी घरबसल्या काम, वेळ तुमच्या सोयीने'. नोंदणीचे म्हणून दीड हजार मागितले. तिने छठीला आलेल्या पैशांतून भरले. दोन दिवसांनी तो नंबर बंद झाला. घरात तिने कुणालाच सांगितलेलं नाही. "माझी चूक झाली," म्हणाली.

मी तिला म्हटलं, चूक तुझी नाही. पण फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं की हिला सांगण्यासारखी एक गोष्ट आपल्या घरातच आहे आणि ती आपण कधी सांगितलीच नाही. घरबसल्या कमावणारी ही आपल्या घरातली पहिली आई नाही. तिची नानी, म्हणजे माझी अम्मी, आणि अम्मीची अम्मी, म्हणजे माझी नानी, या दोघींनी बाळ मांडीशी घेऊनच कमाई केली. दोघींत एक फरक होता. तो सांगायचा तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. म्हणून हा लेख.

नानी सिन्नरची. नाशिक जिल्ह्यातलं हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे माहीत असतं, पण जुन्या लोकांना ते विड्यांसाठी माहीत आहे. माझी नानी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. मजुरी हजारावर. कच्चा माल ठेकेदाराकडून आणायचा, वळलेला माल त्याच्याकडे नेऊन द्यायचा. नानीच्या एका गुडघ्याशी सूप असे आणि दुसऱ्या गुडघ्याला दोरी बांधलेली असे. दोरीचं दुसरं टोक झोळीला. गुडघा हलला की झोळी हले. आमची अम्मी, दोन मावश्या आणि तीन मामू, सगळे या झोळीत वाढले.

हे काम घरात का आलं, हा पहिला प्रश्न. आपल्याला वाटतं बायका घरात होत्या म्हणून काम घरात आलं. इतिहास एवढा सरळ नाही. त्यासाठी आधी मुंबईच्या गिरण्यांत डोकवावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बायका काम करत होत्या, मुख्यतः सूत गुंडाळणीच्या खात्यात. १८९१ च्या कारखाने कायद्याने बायकांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. विचार करा, अकरा तास ही सुधारणा होती! बाळंतपणाबद्दल त्या कायद्यात काही नव्हतं. शेवटच्या दिवसांपर्यंत काम करायचं, मग गावी नाहीतर चाळीतल्या खोलीत बाळंत व्हायचं, आणि जमेल तितक्या लवकर परत यायचं. तान्हं मूल कुणाजवळ ठेवायचं? म्हातारी सासू असली तर ठीक. नसली तर बाळागोळी.

बाळागोळी म्हणजे अफूची बारीक गोळी. ती दिली की मूल दिवसभर झोपून राही. १९२० नंतर मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. १९२२ मध्ये त्यांनी नोंदवलं की गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. या आया निर्दय नव्हत्या. कामावर गेलं नाही तर मूल उपाशी आणि गेलं तर मूल एकटं, यातून त्यांनी काढलेली ती वाट होती. आज 'बाळ झोपेल तेवढ्या वेळात काम करीन' हे वाक्य ऐकलं की मला त्या गोळीची आठवण येते. बाळाच्या झोपेवर आईची मजुरी अवलंबून असणं ही मोबाइलच्या काळातली गोष्ट नाही.

याच सुमारास कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं होतं. ते पडलं. मग मुंबई प्रांताच्या कायदे मंडळात विधेयक आलं. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. आणि मालक बायकांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा आहे म्हणून, तेव्हा त्यानेही आपला वाटा द्यावा. १९२९ मध्ये मुंबईचा मातृत्व लाभ कायदा झाला. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. बाळंतपणाचा खर्च एकट्या बाईचा नाही, ही गोष्ट पहिल्यांदा कागदावर आली.

पण कायदा कारखान्याच्या दारापर्यंतच होता. आणि पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण घटतच गेलं. कारणं बरीच होती. रात्रपाळीला बायकांना बंदी होती, नवी यंत्रं येत होती, खात्यांची फेररचना होत होती. त्यात हेही एक कारण होतं की बाई कामावर ठेवली तर तिच्या बाळंतपणाचा खर्च येतो. हक्क दिला की माणूसच नको होतं, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

विडीच्या धंद्यात हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने घडली. विडीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेशिवाय चालणाऱ्या जागेत वीस कामगार असले तर तो कारखाना ठरे आणि सुट्टी, रजा, तासांची मर्यादा सगळं लागू होई. मग सोपा उपाय असा की एका छपराखाली माणसं बसवायचीच नाहीत. पानं आणि तंबाखू घरोघर द्यायची. जागा बाईची, दिव्याचं तेल बाईचं, कात्री बाईची, मदतीला तिच्या मुलांचे हात. मालकाकडे कामगारच नाही, नुसता माल घेणारा आणि देणारा ठेकेदार. नानीला हे 'सोयीचं' काम मिळालं ते असं.

या सोयीच्या प्रश्नावर आपल्याच नागपुरातला एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६० मध्ये त्याचा निकाल लागला. बिर्धीचंद शर्मा यांच्या विडी कारखान्यातल्या कामगारांनी भरपगारी रजेचे पैसे मागितले होते. मालकाची बाजू अशी की हे कामगारच नाहीत. हे हवं तेव्हा येतात, हवं तेव्हा जातात, विड्यांच्या संख्येवर पैसे घेतात, त्यांच्यावर माझा ताबा कुठे आहे? न्यायालयाने ते मानलं नाही. येण्याजाण्याची मोकळीक असली आणि मजुरी नगावर असली तरी विडी कशी हवी हे मालक ठरवतो, पसंत नसेल ती नाकारतो, म्हणजे ताबा त्याचाच आहे. ते कामगारच आहेत.

माझ्या भाचीसारख्या प्रत्येक मुलीने हा निकाल लक्षात ठेवावा असं मला वाटतं. 'वेळ तुमच्या सोयीने' म्हटलं की बाईला वाटतं आपल्यावर उपकार होतोय. वेळेची मोकळीक मिळाली म्हणून कामगारपण जात नाही, हे पासष्ट वर्षांपूर्वी विडी वळणाऱ्यांनी कोर्टातून मिळवून ठेवलेलं आहे.

हा खटला कारखान्यात बसणाऱ्यांचा होता. घरी वळणारीचं काय? तिच्यासाठी १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आला. त्यात कामगाराच्या व्याख्येतच घरी माल नेऊन विड्या वळणाऱ्या माणसाचा समावेश केला. किती तंबाखू दिली, किती विड्या छाट म्हणून नाकारल्या, नाकारलेल्यांचे पैसे द्यायचे की नाही, या भांडणांची दाद मागायची सोय केली. आणि मातृत्व लाभाचा १९६१ चा कायदा काही फेरफार करून घरी वळणाऱ्या बाईलाही लागू केला. वैद्यकीय बोनससारख्या काही गोष्टी तिच्यासाठी गाळल्या, पण बारा आठवड्यांच्या मजुरीचा हक्क ठेवला. मालक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७४ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. १९७७ पासून भविष्य निर्वाह निधी विडी उद्योगाला लागू झाला. तो घरी वळणाऱ्यांना द्यायचा की नाही यावरही वाद झाला, आणि १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, द्यायचा.

कल्याण निधीमुळे विडी कामगारांना ओळखपत्रं मिळू लागली. नानीचं ओळखपत्र आमच्याकडे अजून आहे. पत्र्याच्या पेटीत, निकाहनाम्याच्या पिशवीत. कडा झिजल्यात, फोटोत नानीच्या कपाळापर्यंत ओढणी आहे, सहीच्या जागी अंगठा. नानीला लिहिता येत नव्हतं. पण घरी कुणी विचारपूस करायला आलं, जनगणनेचा माणूस आला, दवाखान्यात कार्ड काढायचं असलं, की ती पटकन सांगे, "विडी कामगार." शेवटी तिला निधीचे थोडे पैसे आले, त्यातून तिने छप्पर नवं घातलं. धाकट्या मामूच्या बाळंतपणात काही रक्कम मिळाली होती. किती ते तिला पुढे सांगता येत नसे. डिंकाचे लाडू त्यातून झाले एवढं ती सांगे.

मी हे गोड करून सांगत नाही. मजुरी कमी होती. ठेकेदार माल कमी तोलून द्यायचा आणि छाट जास्त काढायचा. नानी आयुष्याच्या शेवटी सारखी खोकत असे, आणि त्या तंबाखूच्या धुळीत तिची सहा मुलं झोपली हे आठवलं की अंगावर काटा येतो. विडीने लोकांचे जीव जातात, हेही खरं. तरीही त्या व्यवसायातल्या बायकांनी मोर्चे काढले, संघटना केल्या आणि काहीतरी पदरात पाडून घेतलं. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांसाठी कुंभारीजवळ दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्या घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. मोजल्या गेलेल्या बायकांनाच अशा मागण्या करता येतात.

आता अम्मी. १९७७ मध्ये तिचं लग्न होऊन ती सिन्नरहून नंदुरबारला आली. तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. विड्यांचं काम इथे तिला मिळालं नाही. इथे मिरची होती. नंदुरबारची मिरची बाजारपेठ देशातल्या मोठ्या बाजारपेठांत गणली जाते. दिवाळीच्या आसपास ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते, आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते. लांबून पाहिलं तर जमिनीवर लाल चादर अंथरलेली दिसते. या मिरचीचे देठ खुडायला बायका लागतात. पथारीवर गेलं तर दिवसभर उन्हात, मूल जवळच्या सावलीत. ज्यांना जमत नसे त्यांच्याकडे एक व्यापारी पोतं घरी पाठवत असे. किलोवर पैसे. अम्मीकडे अशी पोती यायची.

माझा धाकटा भाऊ तेव्हा तान्हा होता. मिरची खुडलेल्या हातांनी बाळाला घेता येत नाही. अम्मी आधी हाताला शेंगदाण्याचं तेल चोळायची, मग ज्वारीचं पीठ, मग साबण, आणि तरीही त्याला पाजायच्या आधी बोट स्वतःच्या डोळ्याच्या कडेला लावून बघायची. चुरचुरलं तर परत धुवायची. तोवर तो रडून लाल होई. मी सात-आठ वर्षांची होते. त्याला उचलून अंगणात फिरवणं हे माझं काम. त्या मजुरीत माझाही वाटा होता, तेव्हा तो मोजायचं सुचलं नाही. आजही कुणाला सुचत नाही.

अब्बा बाजारात हमाल होते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. ओझं वाहणाऱ्याला नोंदणी, मंडळ, निधी असा आधार देणारा हा कायदा देशात गाजला. त्याची अंमलबजावणी गावागावात सारखी झाली नाही, पण पाठीवर पोतं वाहणाऱ्या माणसाला कायद्यात एक नाव मिळालं. तेच पोतं उंबऱ्याच्या आत आलं, उघडलं गेलं, आणि त्यातल्या मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बाईला मात्र कुठल्याही कायद्यात नाव नव्हतं. विड्यांसाठी १९६६ मध्ये केलेली व्याख्या मिरचीला, शिलाईला, मण्यांना, पापडाला लागू नव्हती. म्हणजे निरक्षर आईकडे ओळखपत्र होतं आणि सातवी शिकलेल्या मुलीकडे नव्हतं. आमच्या घरात एका पिढीने पुढे जाताना हे मागे टाकलं.

अम्मीला कुणी विचारलं, काय करता, तर ती म्हणे, "काही नाही, घरीच असते." मी शाळेत होते तेव्हा फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' असा रकाना असे. सुंदर अक्षरात मी लिहायची, 'गृहिणी'. माझ्या गणवेशाचे पैसे त्या मिरचीतून आले होते.

घरचं काम म्हणजे अन्यायच, असं मी म्हणत नाही. दुसरीही एक वाट महाराष्ट्रातच निघाली. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढे लिज्जत. काम बघितलं तर नानीच्या कामासारखंच. पीठ केंद्रावर मळतात, बाई ते घरी नेते, आपल्या वेळेने लाटते, वाळवते, दुसऱ्या दिवशी नेऊन देते. लाटण्यावर मजुरी. पण तिथे लाटणारी प्रत्येक बाई सभासद आणि मालकीत भागीदार असते, आणि नफ्यात तिचा वाटा असतो. काम तेच, वेळ तीच, मांडीवरचं बाळही तेच. फरक एवढाच की पीठ देणारी आणि घेणारी दोघी एकाच संस्थेच्या मालक. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तिथेही हीच समज होती. त्या बायका वर्षानुवर्षं गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या, पण बँकेच्या लेखी त्या कुणीच नव्हत्या. एकत्र आल्यावर त्यांना कर्ज मिळालं.

आणि ज्यांना घरबसल्या काम हेच स्वप्न आहे, अशा आयाही माझ्याच जिल्ह्यात आहेत. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या आदिवासी बहिणी दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. तान्हं मूल बरोबर असतं. उसाच्या फडाच्या कडेला, थंडीत, पाचटावर गोधडी टाकून ते ठेवलेलं असतं. त्याच बहिणी उन्हाळ्यात गावी असल्या की कैऱ्या सोलून, चकत्या वाळवून आमचूर करतात. तेही घरचंच काम, पण भाव व्यापारी ठरवतो. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्याने सांगितलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर एका बाईला फक्त त्यांना सांभाळायला नेमावं आणि तिलाही मजुरी द्यावी. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, असं सरकारने स्वतःच लिहिलं. झाडाखाली बसून पाच मुलं सांभाळली तर तो रोजगार. घरात एक मूल सांभाळत देठ खुडले तर 'काही नाही, घरीच असते'.

मग आजचं काय? २०१७ मध्ये मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे रजा, पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर, आणि रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची तरतूद. 'वर्क फ्रॉम होम' हे शब्द आपल्या कायद्यात नवमातेच्या संदर्भात करोनाच्या तीन वर्षं आधी आले, हे फार थोड्यांना माहीत आहे. पण ही मुभा जिला आधीच नोकरी आहे तिला. मी सरकारी शाळेत शिक्षिका आहे. मला माझ्या दोन्ही बाळंतपणांत भरपगारी रजा मिळाली. त्या महिन्यांत मी माझ्या लेकराच्या झोपेकडे कधी घड्याळ लावून बघितलं नाही. भाचीपेक्षा मी हुशार नाही, माझ्या पगारपत्रकावर माझं नाव होतं एवढंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणाऱ्याची व्याख्या आली, हे पाऊल चांगलं आहे. व्याख्येपासून ओळखपत्रापर्यंत विडीवाल्यांना दहा वर्षांहून जास्त लागली होती.

दोन दिवसांनी मी भाचीला परत फोन केला. हा सगळा इतिहास फोनवर सांगता येत नाही, आणि बाळ मांडीवर असलेल्या बाईला इतिहास ऐकायला वेळही नसतो. मी चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, नानीला तंबाखू देताना ठेकेदाराने कितीही लबाडी केली असेल, काम देण्यासाठी तिच्याकडून पैसे कधी घेतले नाहीत. काम देणारा पैसे देतो. जो आधी पैसे मागतो त्याच्याकडे काम नसतं. त्या दीड हजारांची तक्रार १९३० वर कर, आणि घरात सांग. लाज त्याने बाळगावी.

दुसरी, दर लिहून घे. किती पानांना किती, चूक निघाली तर कोण ठरवणार, पैसे किती दिवसांत. नानीच्या काळी याला छाट म्हणत, आता 'क्वालिटी चेक' म्हणतात. भांडण तिथेच होतं.

तिसरी, एकटी शोधू नकोस. तुझ्या गल्लीत तुझ्यासारख्या आणखी दोघीतिघी असतील. सातजणींनी ऐंशी रुपयांवर काय केलं ते मी तुला सावकाश सांगेन.

चौथी सांगताना मी जरा अडखळले, कारण ती तिच्या एकटीच्या हातातली नव्हती. बाळाच्या झोपेत काम बसवू नकोस. दिवसातले दोन तास बाळ दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं, सासूने, नवऱ्याने, नणंदेने, आणि हे तुझ्या घरात बोलून ठरवायचं. आपल्याकडे दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकलेली आहे, आणि मुलाच्या पायी ना आईला त्रास व्हावा ना बापाला, असंही सांगितलंय. मुहल्ल्यातल्या प्रत्येक दर्समध्ये हे ऐकायला मिळतं. दोन तास मूल धरणं त्या जबाबदारीच्या बाहेर आहे, असं कुणी म्हणालं तर माझ्याशी बोलायला लाव.

ती हसली. मग म्हणाली, "खाला, काल बाळाच्या जन्माचा दाखला आला. रुग्णालयात फॉर्म भरताना बाईने विचारलं होतं, आईचा व्यवसाय काय? मी म्हटलं, काही नाही."

मी काही बोलले नाही. माझ्या हातची ती 'गृहिणी'ची सुंदर अक्षरं मला दिसत होती.

सध्या ती दोन मैत्रिणींबरोबर गावातल्या एका शिकवणीवर्गाच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देते. पानाचा दर कागदावर लिहून घेतलाय. दुपारी दोन तास बाळ तिच्या सासूबाईंकडे असतं, रविवारी जावयाकडे. पैसे फार नाहीत. पहिल्या महिन्यात एकदा उशिरा आले, तर तिघी मिळून विचारायला गेल्या.

परवा तिने नानीच्या ओळखपत्राचा फोटो मागितला. मी पेटी उघडून काढला आणि पाठवला. तिचं उत्तर आलं, "परनानीचा अंगठा किती स्पष्ट उठलाय."